उगवण

तोरणाच्या बिया ठकूबाई कोकरेनं आणल्या
नातवाच्या कंपासपेटीत,
कर्कटकाच्या जागी कापूस घालून.
केळघरच्या घाटात गाडी लागली, म्हणाली,
दोनदा ओकले, पण पेटी सोडली नाही.

तोरण पिकतं चैत्र सरता सरता.
पांढरं फळ, बोटांना चिकटणारं,
मेढ्याच्या बाजारात द्रोणानं मिळतं
आणि दुसऱ्या दिवशी काळं पडतं.
गर खायचा, बी थुंकायची,
एवढंच आम्हाला माहीत.
थुंकलेल्या बीचं पुढं काय होतं
ते बुलबुलाला विचारा.

मी राखेनं चोळून धुतल्या.
पाण्यात टाकल्या. तरंगल्या त्या वेचून फेकल्या.
उरल्या एकशे बारा.
निम्म्या तीन दिवस शेणकाल्यात.
निम्म्या एकेक करून अडकित्त्यात धरल्या
आणि दाबल्या, सुपारीसारख्या नव्हे,
कान लावून,
कवचानं बारीकसा आवाज करेपर्यंत.
चार फुटल्या आतपर्यंत.
आतला दाणा चपटा, तपकिरी, ओलसर चमकणारा,
इतक्या लवकर उजेडात यायची
त्याची काही तयारी नव्हती.

लाल माती दोन घमेली, वाळू एक, शेणखत एक.
पिशव्या भरल्या, ओळीनं लावल्या,
पाटीवर खडूनं लिहिलं : तोरण.
शेजारच्या बांबूला आठव्या दिवशी कोंब.
करंज तर वाटच बघत असल्यासारखा वर आला.

रजिस्टरात उगवणीचे रकाने तीन :
तीस दिवस, साठ दिवस, नव्वद दिवस.
शून्य.
शून्य.
शून्य.
माझं शून्य गोल येतं. सातवीपर्यंत शिकलेय,
अक्षर बरं आहे, असं साहेबही म्हणतात.
तेच म्हणाले, बाई, पिशव्या अडकल्यात,
गुलमोहराची मागणी आलीय पाचशेची,
ओता ती माती.
वाईट नाही माणूस. बदली व्हायची होती त्यांची.

ओतली.
टाकीच्या मागं, जिथं पाइप गळतो.
हट्ट म्हणून नाही,
उकिरडा लांब होता
आणि त्या दिवशी माझी कंबर धरली होती.

दिवाळीनंतर ठकूबाई आली
नातवाच्या दाखल्यासाठी तहसीलला.
किती झाल्या?
एकपण नाही, म्हणाले.
तिनं पिशवीतून दोन लिंबं काढून दिली
आणि म्हणाली, मग पेटी तरी दे माघारी,
पोरगं मार खातंय शाळेत.

उन्हाळा गेला. टाकीच्या मागं गवत माजलं.
भादव्यात पाइपाला चिंधी बांधायला वाकले
तर मागून कुणीतरी पातळ ओढलं.
वळले. कुणी नाही.
खाली, घोट्याएवढ्या उंचीवर,
वाकडा, नखाच्या कातरणीएवढा काटा
माझ्या काठाचा दोरा धरून बसलेला.
पान उलटून पाहिलं :
खालून लव, देठापासून निघालेल्या तीन शिरा.
तिथंच बसले चिखलात.

अकरा होती.
शेणकाल्यातली कुठली, अडकित्त्यातली कुठली
आता सांगता येत नाही,
माती ओतताना सगळं एक झालं होतं.
बाकीच्या अजून आत असतील,
किंवा नसतील.
दिवस मोजले बोटांवर, मग कॅलेंडरवर,
चारशे सत्तरच्या आसपास गेले.

नवीन साहेबांपुढं रजिस्टर ठेवायच्या आधी
पट्टीनं एक रेघ मारली, चौथ्या रकान्याची.
वर काय लिहावं कळेना.
मोकळंच ठेवलंय.
खाली अकरा लिहिलं, पेन्सिलीनं,
खोडायला बरं,
बारावं आलं तर.

ठकूबाईला निरोप धाडलाय बामणोलीच्या लाँचवरच्या पोराकडं.
पाइप अजून गळतोय.
दुरुस्तीचा अर्ज
मी केलेला नाही.