समुद्रेंची पेटी

रूथ समुद्रे रिक्षातून पेटी घेऊन आली
उद्यमनगरात, शनिवारी.
म्हणाली, वडिलांची आहे, ऑर्केस्ट्रातली.
मूळ होती तशी करून द्या.

मूळ?
मागची फळी खोलली. चार स्क्रूंच्या जागी
दोन स्क्रू, एक खिळा, एक बाभळीचा काटा.
आत झुरळांची अंडी, जळक्या व्हार्निशचा वास,
आणि चासी एका बंद पडलेल्या थेटरातली,
करवतीनं कापून उलटी बसवलेली.
त्यावर ‘बाल्कनी’ अजून वाचता येतंय.
समोर मात्र पेंटरनं विलायती कंपनीचं नाव काढलंय
कॅटलॉगातल्या फोटोवरून,
एक अक्षर गाळून.

म्हणजे मूळ इथं कधी नव्हतंच, ताई.
आमोस समुद्रेंनी एक फोटो बघितला
आणि कधी न ऐकलेला आवाज
अंदाजानं बांधला.

नदाफ चाचांनी पहिला धडा थोबाडीत मारून दिला होता:
बंद केलास म्हणून हात घालू नको, लेका.
प्लग काढला तरी कपॅसिटर चारशे व्होल्ट धरून बसतो,
रुसलेल्या पाव्हण्यागत, जेवल्याबिगर उठत न्हाई.
आधी मीटर लाव. शून्य आलं की मगच हात,
आणि तोही एकच. दुसरा खिशात.

बारा वर्षं बंद पेटी. मीटर शून्य.
तरी डावा हात खिशात.

वाळलेले कपॅसिटर काढले, नवे बसवले.
बेंगळुरूचे जुने व्हॉल्व्ह पेन्सिलीनं टिचकी मारून ऐकले:
तीन मुके, एक बोलका, एक नको तेवढा बोलका.
ट्रान्सफॉर्मर जळून कोळसा.
चाचा आयुष्यभर विहिरीवरच्या मोटारी भरत आलेले,
तार बोटावर घेऊन म्हणाले, ही तार हाय का केस?
तीन हजार वेढे मोजायचे.
दोन हजार एकशे चाळीसला कुणीतरी दारातनं विचारलं,
पाच एचपीला किती घेता?
पुन्हा एकपासून.

पट्टा तुटलेला. पापाच्या तिकटीला कृष्णातनं
चपलेच्याच कातड्याचा नवा शिवला, वेणी घालून,
आणि बजावलं, उचलताना करकरणार बघा,
तक्रार आणायची न्हाई.

राहिली एक गोष्ट.
पहिल्या व्हॉल्व्हपाशी एक रेझिस्टर,
पुस्तकात असतो त्याच्या दुपटीहून मोठा,
आणि त्याला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी:
‘हात लावू नये. आ. स. नाताळ ८१.’

मी हात लावला.
कोण नाही लावणार?
पुस्तकातला बसवला. आवाज आला
धुतल्या तांदळासारखा, बँकेतल्या माणसासारखा.
रूथ म्हणाली, छान आहे.
दुसऱ्याच्या लग्नाचा अल्बम बघताना म्हणतात तसं छान.
आणि पायानं चपला शोधायला लागली.

थांबा, म्हटलं. बसा दोन मिनिटं.

जुना परत जोडला. डाग देताना बोट भाजलं.
मागून घुं सुरू झाली, बारीक, गिरणीच्या पट्ट्यासारखी.
तिला एकच कॉर्ड येत होती, तीही एका बोटानं अर्धी.
ती वाजली, आणि टोकाला फाटली,
चरकात दुसऱ्यांदा घातलेल्या उसासारखी.

रूथ हसली नाही. म्हणाली,
हाच. यालाच आई म्हणायची,
अहो, बंद करा ते, शेजारी काय म्हणतील.

तेवढ्यात लाईट गेली.
बल्ब गेला. पंखा मंदावला.
शेजारचं लेथ घरंगळत घरंगळत गप्प झालं,
पलीकडची भट्टीची पंख, तिच्यापलीकडचं वेल्डिंग,
अख्खी गल्ली एका श्वासात खाली बसली.
पेटी मात्र वाजत राहिली.
काचेत लाल तार मंद होत होती,
कॉर्ड आतल्या आत पातळ,
एका बोटाची, अर्धी,
अजून चालूच.

बॅटरी लावून मी मीटर धरला.
डावा हात खिशात.
तीनशे दहा.
एकशे ऐंशी.
बंद करू? तिनं विचारलं.
बंदच आहे, म्हटलं.
नव्वद.