फिती सोडवणारा

माझं काम सोपं: सगळ्यात हळू धावणाऱ्याच्याही मागे राहायचं
आणि फांद्यांना बांधलेल्या केशरी फिती
एकेक सोडवून पिशवीत कोंबत यायचं.
एकतीस किलोमीटर, तीन डोंगर,
मार्चातला दुसरा शनिवार.
त्सेर्क्नोच्या चौकातून दीडशे जण
बंदुकीचा बार न होताच सुटले,
कारण बंदूकवाला लोय्झे अजून चहा ढवळत होता.
पहिल्या वळणावरच माझ्या वाट्याला
फक्त एक पाठ उरली:
निळं जाकीट, कोपराला ठिगळ.
ब्रेदा. आमच्या खोऱ्यात शाळेची बस चालवते.

बीचवृक्षांना अजून पान नाही.
खाली मागच्या वर्षीचा पाचोळा, तांबूस, पोटरीभर,
आणि त्यात दडलेले दगड
जे फक्त घोट्यांना दिसतात.
ओढ्याकाठी रानलसणीचा वास.
चढावर ती चालते, मीही चालतो,
मांड्यांवर तळवे रेटून,
बसलेल्या गाईला उठवावं तसं
स्वतःलाच उठवत.

आठव्या किलोमीटरला मागे न बघता ती म्हणाली,
"तू मागून येतोस ना, तर वाटतं
कुणीतरी एकेका खोलीतले
दिवे मालवत येतंय."

यावर काय बोलणार?
मी पन्नास पावलांचं अंतर ठेवलं. मग शंभराचं.
पण गाठी ओल्या, बोटं गार,
दातांनी ओढाव्या लागत होत्या.
प्लास्टिकची चव, थोडी शेवाळाची.

पोरेझेनच्या कण्यावर वारा.
डोंगराच्या या अंगाला मार्च,
त्या अंगाला अजून जानेवारी.
बर्फाच्या मळक्या कडेला
जांभळे क्रोकस, बोटभर उंचीचे,
दीडशे जणांच्या बुटांतून कसे वाचले कोण जाणे.
आणि बर्फावर सगळी शर्यत उमटलेली:
इथे कुणाचा पंजा रुतला, इथे ढोपर,
इथे तर एकाने अख्खी पाठ टेकली,
बाजूला केळ्याची साल, नीट घडी घातलेली.
पहिला आलेल्याला हे वाचायला मिळत नाही.

एकोणिसाव्याला गवत वाळवायच्या लाकडी मांडवाखाली
मिलेनाचं टेबल. चहा निवलेला.
अक्रोडाच्या पोतित्साचा एक तुकडा
तिने रुमालाखाली झाकून ठेवला होता.
"अकरा मिनिटं उरलीत," मिलेना म्हणाली,
"नको वाटत असेल तर गाडी आहे."
गाडी सुरूच होती, काचांवर आतून वाफ.
ब्रेदा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिली.
मग तोंडातला घास गिळून म्हणाली,
"गाडी मी रोजच चालवते."
आणि निघाली.

शेवटच्या उतारावर ती घसरली.
चिखलात बसकण, एक पाय पुढे, एक कुठेतरी मागे.
मी धावत गेलो. दिवसभरात पहिल्यांदा
खरोखर धावलो.
हात पुढे केला. तो तिने घेतला नाही.
डोक्यावरच्या फांदीकडे हात लांबवून
तिने फीत सोडवली
आणि ती मुठीत धरूनच उठली.

मग पुढची तिने सोडवली. तिच्यापुढचीही.
मला काही कामच उरलं नाही.
हात मोकळे, म्हणून मी तिच्या शेजारून चालू लागलो,
आणि ती बसमधल्या पोरांबद्दल बोलत होती,
कोण वळणावर ओकतो,
कोण उतरताना न चुकता हात हलवतो,
कुणाला घरी जायचंच नसतं.

चौकात कमानीतली हवा काढून झाली होती,
दोन पोरं ती चादरीसारखी गुंडाळत होती.
गोराझ्द पेन्सिल कानाला लावून उभा:
"शेवटचं कोण?"
आम्ही एकमेकांकडे बघितलं.
तो थांबला, मग त्याने काहीतरी लिहिलं.
काय, ते मी वाचलं नाही.

रात्री गोराझ्दने मला फिती दोनदा मोजायला लावल्या.
दोनशे चौदा बांधल्या होत्या,
भरल्या दोनशे तेरा.
म्हटलं, एखादं हरीण घेऊन गेलं असेल.

सोमवारी सात वाजून दहा मिनिटांनी
बस वळणावरून खाली आली.
आरशाला केशरी काहीतरी फडफडत होतं.
मी रस्त्याच्या कडेला उभा राहून,
उतरणाऱ्या त्या पोरासारखा,
हात हलवला.