गाडीचं कूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ
विचारू नये म्हणतात.
लष्करातून निघालेल्या गाडीचं मात्र विचारावंच लागतं,
कारण हेड गॅस्केट मागवायचं असतं
आणि कार्डिफचा दुकानदार फोन उचलताच विचारतो :
बेअरिंग तीन, की पाच?

मेलेरीबाईंनी ती टेकडीवरून
इंजिन बंद ठेवून, उतारावर सोडत आणली.
रेडिएटरमध्ये दूध घातलेल्या चहासारखं पाणी.
"इडवलची आहे," म्हणाल्या. "म्हणजे, होती."

गोष्ट सगळ्या ट्रेगॅरनला पाठ :
सायप्रसला निळी टोपी घालून
दोन वर्षं त्यानं हीच लँड रोव्हर हाकली,
आणि पुढे सैन्यानं लिलावात काढली तेव्हा
शंभर गाड्यांतून, नुसत्या आवाजावरून, हीच उचलली.
पबमध्ये सांगताना तो "हीच" वर
टेबलावर बोट आपटायचा.
ग्लास हलायचे.

बॉनेट उघडलं. चिंधी, रॉकेल, तारेचा ब्रश.
डाव्या अंगाला, आकडे असायला हवेत तिथे
तिरके ओरखडे. रुंद दातांचे.
अशी कानस कारखान्यात नसते, सैन्यातही नसते.
अशी असते नाल मारणाऱ्याकडे,
खूर सपाट करायला.
आमच्या खोऱ्यातल्या सगळ्या घोड्यांना
इडवलच नाल मारायचा.

मग खाली शिरलो. ऑइलपॅन सोडवलं,
तेल कोपरापर्यंत ओघळलं.
मोजली. पाच.
पुन्हा मोजली, मेंढरं आत घेताना मोजतात तशी,
एखादं दोनदा तर धरलं नाही ना.
पाचच. म्हणजे ऐंशीच्या पुढचं इंजिन.
तेव्हा तर इडवल वर्दी उतरवून
पाचसहा वर्षं झाली होती इथेच,
पावसात, कुत्र्याला शिट्ट्या घालत.

असू दे. इंजिनं बदलतात.
माझाही एक गुडघा मूळचा नाही.
खिशातलं नाणं काढून दारावरचा रंग खरवडला :
हिरवा. त्याखाली काळा.
त्याखाली पुन्हा हिरवा, जरा उदास,
आणि मग उघडं ॲल्युमिनियम.
पांढरा कुठेच नाही.
शांतिसेनेची गाडी पांढरी असते
हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक.
मडगार्ड खरवडलं, टपाची कड, मागची फळी.
नाही.

सापडला तो शेवटी ड्रायव्हरच्या सीटखाली,
बॅटरीच्या पेटीमागे, हात वाकडा करून घातला तर लागेल असा.
तळहाताएवढा.
चकचकीत, ब्रशचा एक केस अडकलेला.
असला रंग फाटकांना लावतात.

बाई उपड्या बादलीवर बसून
घरून आणलेलं सँडविच खात होत्या.
"काय निघालं?"
सांगायला दोन-तीन गोष्टी जुळवून ठेवल्या होत्या,
तोंडातून निघाली भलतीच.
"सीटखाली पांढरा रंग आहे," म्हटलं.
त्यांनी बोटं ॲप्रनला पुसली. एकेक.

"फाटक रंगवून उरला होता," म्हणाल्या.
"शेवटच्या हिवाळ्यात त्याला दम पुरेना.
दिवसभर त्या सीटवर जाऊन बसायचा,
किल्ली हातात, जाणं कुठेच नाही.
म्हटलं, चुकून कधी खाली हात गेलाच तर..."
कागदाची घडी घातली.
"गेला का, ते मी विचारलं नाही."

कानशीबद्दल मी बोललो नाही.

ऑर्डरच्या कागदावर लिहिलं :
पेट्रोल, सव्वादोन लिटर, पाच बेअरिंग.
खाली एक रकाना असतो, पूर्वीचा वापर,
तो कुणी भरत नाही, कुणी वाचतही नाही.
तिथे लिहिलं : सायप्रस.

"गुरुवारपर्यंत येईल गॅस्केट."
"गुरुवारीच यायला हवं," त्या म्हणाल्या.
"शुक्रवारी लोकर कातरायची आहे."