शपथेवर भाषांतर

कुतैसीत, नोटरीच्या ऑफिसात, जिन्याखालच्या टेबलाशी
एकोणीस वर्षं मी हेच करते:
इथल्या कागदांना तिथलं बोलायला लावते.
जन्म, लग्न, घटस्फोट, वर्तणूक चांगली,
आणि हल्ली बहुतेक गुणपत्रिकाच.
पानाला पंधरा लारी, घाई असेल तर बावीस.

तेकले आली तेव्हा बाहेर बर्फ नव्हता, ऊनही नव्हतं,
नुसता फेब्रुवारी होता.
प्लास्टिकच्या फायलीत तीन वर्षांचे गुण,
बँकेचा दाखला,
आणि चार विद्यापीठांची यादी, त्यातली तीन खोडलेली.
भूगर्भशास्त्र, म्हणाली. पादुआला.

मी चष्म्यावरून पाहिलं.
हिच्या आईचे कागद मीच केले होते
नऊ वर्षांपूर्वी, याच टेबलावर.
लमारा. पियानोची शिक्षिका.
आणि खाली, एजंटानं घालायला लावलेली एक ओळ:
वजन उचलू शकते.
तेव्हापासून ती बारी शहरात एका म्हातारीला
उठवते, निजवते, या कुशीवरून त्या कुशीवर वळवते.

"बारीतही शिकवत असतील की दगडांबद्दल," मी म्हटलं.
विचारायचा हक्क नव्हता मला. पण टेबल माझं.
तिनं पेनाचं टोपण काढलं, लावलं.
"देदाला सुट्टी गुरुवारी दुपारी, आणि रविवारी.
रविवार चर्चमध्ये आणि फोनवर जातो.
गुरुवारी ती समुद्राकाठी बसते, चपला काढून,
मला फोटो पाठवते, नुसत्या पावलांचा.
मी तिथं गेले तर तो गुरुवारही
ती माझ्यासाठी रांधण्यात घालवेल."
मग, टोपणाशीच बोलल्यासारखं:
"आणि एका घरात राहायचं कसं
ते आता आम्हा दोघींनाही येत नाही."

रेल्वेनं आठ तास. तिनं मोजलं होतं.
"एवढं बरं आहे," म्हणाली,
दुकानात बूट घालून दोन पावलं चालून बघावं तशी.

अर्जासोबतचं पत्र तिनं स्वतःच लिहून आणलेलं,
थेट इटालियनमध्ये. "फक्त तपासून द्या."
क्रियापदं बरी होती. अवतरणं जरा जास्त.
तिसऱ्या परिच्छेदात मी अडले.
माम्मानं मला भागाकार शिकवला.
माम्मानं रोज माझी वेणी घातली,
इतकी घट्ट की भुवया वर जायच्या.
माम्मानं रिओनी नदीतून एक दगड आणला,
हातोडी दिली, आणि बघत राहिली नाही,
फोडू दिला.

आमच्या भाषेत मामा म्हणजे वडील.
त्यांच्याकडे, मधे एक म वाढवला, की आई.
गोचाला मी ओळखते. फ्रिज दुरुस्त करतो,
नखांत काळं, बोटं पान्यासारखी.
त्या बोटांनी वेणी.

मी पेन्सिलनं शब्दाच्या डोक्यावर बारीक लिहिलं: वडील?
तिनं वाचलं. कानांपर्यंत लाल झाली.
हसली. हसता हसता थांबली.
"पाठवण्याआधी देदा वाचणार आहे हे."
जिन्यावरून कुणीतरी खुर्ची खाली नेली, ठकठक,
तेवढा वेळ आम्ही दोघी गप्प.

शिक्का माझ्या उजव्या हाताशी असतो,
त्यावर लिहिलंय: मुळाबरहुकूम, शपथेवर.
पण पत्राला शिक्का लागत नाही.
पत्र ज्याचं त्याचं.

तिनं खोडरबर मागितला.
माझा शब्द पुसला, स्वतःचा ठेवला,
रबराचा भुगा फुंकरीनं उडवला, तो माझ्या चहात.
गुणपत्रिकांचे पंचाहत्तर मी घेतले.
पत्राचे नाही घेतले; त्यात मी केलं काय होतं?

बाहेर हॉर्न वाजला, मग पुन्हा.
व्हॅनच्या टपावर दोरीनं आवळलेला कुणाचा तरी फ्रिज.
"मामा, आले!" ती दारातून ओरडली,
एकाच म-चं, आमचं.

पावती टेबलावरच राहिली.