वरच्या मजल्यावरची खुर्ची

पहिल्यांदा वाटलं, वरच्या मजल्यावर
कुणी खुर्ची ओढतंय, रात्री तीनला.
मग कळलं, तो तू.
क्लायपेडाच्या बंदरात बर्फ फुटतो
तोही इतका करकरत नाही, व्हितेनिस.

सकाळी कानशिलं दाबत
कॉफीत बुडवून पाव खायचास.
म्हणायचास, थंडी बाधली.

डॉक्टर ग्राझिनांनी आरसा धरला:
सुळे झिजून सपाट,
जिभेच्या कडेला दातांची नक्षी.
"कुणावर दात आहे का तुमचा?"
तू म्हणालास, छे.

आता दुपारनंतर कॉफी नाही.
निजताना गालांना गरम टॉवेल,
आणि फ्रिजवर माझ्या अक्षरात:
ओठ मिटलेले, दात सुटे.

निळ्या डबीतलं कवच बसवलंस,
दिवा मालवला.
अंधारातून बोबडं आलं,
"अरूनाशनं होडी विकली. मला न विचारता."
मार्चमधली गोष्ट. नोव्हेंबर संपत आलाय.
मी आधी हसले, भावाच्या नावातल्या त्या 'श'ला.
मग तूही.
मग बराच वेळ कुणीच नाही.

पहाटे कवच खिडकीशी धरून पाहिलं.
ओरखडे आहेत. दोन, ताजे.
थंड पाण्याखाली धुतलं.

आणि वर, खरंच,
कुणीतरी खुर्ची ओढली.