कोणत्या झाडावर

रविवार कारंजावरून सव्वासहाला टेम्पो निघाला.
अकरा मुली, डब्यांत गुळपोळ्या,
एरंडेलाची एक बाटली, आणि मी,
उजव्या गुडघ्याला पट्टा.
सहलीचं नाव मंडळाने कागदावर लिहिलं होतं:
मल्लखांबाचं मूळ.

दिंडोरीच्या पुढे द्राक्षबागा, प्लास्टिक पांघरलेल्या.
मी गोष्ट सांगत होते, माईक नव्हता, घसा होता:
पेशवाईत निजामाकडचे दोन मल्ल आले म्हणतात,
मांड्या थोपटल्या, पुण्यात कुणी उठेना.
मग एक पोरसवदा ब्राह्मण म्हणाला, मी लढतो,
थोडी मुदत द्या.
आणि आला इथे, देवीच्या गडावर.
देवी म्हणाली, मारुतीला विचार.
मारुती झाडावर चढून दाखवू लागला...
"कोणत्या झाडावर?" तन्झिलाने विचारलं.
मागच्या सीटवर कुणीतरी फिस्सकन हसलं.
तीस वर्षं मी ही गोष्ट सांगत आले,
हा प्रश्न मला सुचला नव्हता.

गडावर चौकशी केली.
प्रसादवाल्याने रोपवेकडे बोट दाखवलं,
रोपवेवाल्याने पुजाऱ्यांकडे,
पुजारी म्हणाले, बाई, आधी आईचं दर्शन घ्या,
झाडं पुष्कळ आहेत.
होतीच. उंबर, करंज, नाव नसलेली काटेरी.
ना पाटी, ना कठडा, ना शेंदराचं बोट.
मुली हिरमुसल्या.
तेवढ्यात एका माकडिणीने जुईलीची चिक्की
हातातल्या हात लांबवली,
विजेच्या खांबावर सरसर गेली,
अर्ध्यावर थांबली, पायांची अढी घातली
आणि दोन्ही हात सोडून खाऊ लागली.
अकराच्या अकरा जणी गप्प.
"बाई, अढी बघा हिची. जरा घसरत नाहीये."
मी म्हणाले, वहीत लिहा.
पोटाला पिल्लू चिकटलं होतं तिच्या.
ते कुणी लिहिलं नाही. मी पाहिलं.

परतताना गंगेवर उतरलो.
केदू वस्तादांची तालीम, आता अर्धी पार्किंग.
नातवाने कुलूप काढलं.
तांबडी माती, एक बंद ट्यूबलाइट,
आणि मधोमध तो, काळा कुळकुळीत,
किती पिढ्यांच्या मांड्यांनी घासलेला.

या दारात मी उभी राहायचे, नऊ वर्षांची,
भावाचा सदरा हातात धरून.
उंबऱ्याच्या आत बाईमाणूस नको, मातीला विटाळ.
वस्ताद वाईट नव्हते. त्यांनीच एकदा
बाहेरच्या आंब्याला दोर बांधून दिला.
"पोरी, हा तुझा. खांब मुलांचा."
मी लटकले. राज्याचं पदक आणलं.
अंगठा आणि शेजारचं बोट, त्यांच्या बेचक्यात
दोराची खूण अजून आहे.
पुढे खांब खूप हाताळले, शाळेतले, नवे, शिकवायला.
हा नाही.

नातू म्हणाला, "चपला बाहेर. बाकी काही नाही."
एवढंच होतं तर.
मुली एकेक करून चढल्या, सलामी, दसरंग,
तन्झिलाची बगली चुकली, आपटली, हसली,
गालाला माती.
मग कुणीतरी बाटली माझ्यापुढे धरली.

एरंडेल तळहातावर घेतलं.
मानेपर्यंत हात पोचेना, अंगालाच चोळलं.
गुडघा नाही म्हणाला,
म्हणून नुसतं कवळलं, कान टेकवून.
लाकूड गार होतं.
वास तेलाचा, मातीचा,
आणि त्या सदऱ्याचा.

बाहेर टेम्पोवाला हॉर्न देत होता.
तन्झिला अजून बुडाशी वाकलेली.
"बाई, हा कोणत्या झाडाचा?"
"सागाचा," मी म्हणाले.
एवढं तरी ठाऊक होतं.