पळी

सकाळी आठलाच असा घाम येतो
की आत कोणी नळ सोडून ठेवला.
गल्लीतल्या नळाला मात्र आज पाणी नाही,
आज आमच्या गल्लीचा दिवस नाही.

पिशवीत टॉर्च, पळी, खडू, रजिस्टर,
अबेटची बाटली,
आणि दह्याच्या डब्यात सात गप्पी मासे,
झाकणाला दाभणाने पाडलेली भोकं.

'मनपाकडून आली. कुलर पाहायचा आहे.'
'कुलर तर बंद आहे ना बाई, पाऊस लागला तेव्हापासून.'
बंद आहे म्हणूनच पाहायचा, काकू.
चालत्या कुलरमध्ये ते राहत नाहीत,
त्यांना विसरलेलं लागतं.

जिना. गच्ची. पत्र्याखाली कुलर,
ताट्यांना अजून मे महिन्याचा वास,
टाकीत चार बोटं पाणी.
पळी बुडवते, उजेडात धरते.
पूजेतल्या पळीसारखीच ही,
फक्त हिच्यातलं पाणी प्यायचं नसतं, पाहायचं असतं.
आणि दिसतात, वळवळणारे,
दहावीच्या मराठीच्या पेपरात
मी द्यायचे विसरले होते
ते सगळे स्वल्पविराम.

ढाकाटे बाई बाटलीतल्या मनीप्लांटचं पाणी बदलू देत नाहीत,
म्हणतात, लक्ष्मी जाते.
मी म्हणते, राहू द्या, पण मग पलंगाला मच्छरदाणी लावा,
लक्ष्मीलाही.
हसल्या नाहीत.

भोजराज नंदनवारांच्या घरी कुलर नाही, ड्रम नाही.
आहे तो मागाचा खड्डा.
माग विकला, खड्डा कोण घेणार?
पावसाचं पाणी भिंतीतून झिरपून तिथे बसलं.
'इथं माझे पाय असायचे,' ते म्हणाले,
'छत्तीस वर्षं.'
टॉर्चच्या उजेडात मी पाय शोधले नाहीत, अळ्या शोधल्या.
दोन मासे सोडले.
'हे काय खातात?'
मच्छरांची पिल्लं.
'मग माझ्याकडे भागेल त्यांचं.'
दारावर खडूने तारीख टाकताना
हात थोडा हळू चालला.

तान्ह्या पोळ्याला मीही ओरडले होते गर्दीत,
रोगराई घेऊन जा गे मारबत,
मच्छर घेऊन जा गे मारबत!
घसा बसला दोन दिवस.
ती गेली, जळाली.
बहुतेक तिला कोणी वॉर्डाची यादी दिली नव्हती.

संध्याकाळी घरी.
वारा नाही. लाईट गेलेली.
उकाडा असा, जशी कोणी ओली गोधडी पांघरवून वर बसलं.
मुलगी पाय खाजवत म्हणते,
'आई, तू गावभरचे मारते,
घरचे काहून सोडून राहिली?'

टॉर्च घेतला. न्हाणीतला निळा ड्रम.
वर बांधलेलं लुगडं एका कोपऱ्यातून सुटलेलं.
पाणी स्वच्छ. अगदी तळ दिसतो.
त्यांना स्वच्छच आवडतं, हे मीच सांगते सगळ्यांना,
आणि हेही मीच सांगते:
रिकामा करा, घासा, एक दिवस कोरडा ठेवा.
नळ परवा येणार.
परवापर्यंत भात कशात शिजवू, या प्रश्नाला
रजिस्टरमध्ये रकाना नाही.
सकाळी ज्या बाया माझ्याकडे डोळे वटारून पाहत होत्या
त्या एकेक करून न्हाणीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

तरी लिहिलं.
घर क्रमांक, भांडी तपासली: चार, दूषित: एक.
घरमालकाची सही: ज्योत्स्ना डोंगरवार.
तपासणाऱ्याची सही: तीच.
डब्यात एक मासा उरला होता, तो ड्रममध्ये गेला.
लुगडं घट्ट बांधलं. दोनदा.

उंबऱ्यावर बसले तर घोट्यावर एक येऊन टेकली,
काळी, पायांना पांढरे पट्टे.
चावणारी मादीच असते.
अंडी वाढवायला तिला रक्त पाहिजे,
ठेवायला साचलेलं पाणी.
तीही दिवसभर दारोदार फिरते,
कुलर पाहते, ड्रम पाहते,
फक्त दार वाजवत नाही.

एवढं सगळं सुचलं मला,
पण हात
त्याच्या आधीच पडला होता.